तेल नको म्हणाल्या

आरमोरी, बुधवार, १९८४

सासूबाईंनी आज डोक्याला हात लावू दिला नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या माझ्या पुढ्यात बसतात, मी त्यांच्या टाळूवर कोमट तेल जिरवते. डोळे मिटून म्हणतात, "आता कुठी जीव थंड झाला." आज वाटी घेऊन गेले तर मान बाजूला घेतली.

"आज राहू दे तेल."

"काऊन? डोकं दुखते का?"

"नाई. राहू दे म्हनलं ना."

हे बांबूचा ट्रक घेऊन सिरोंच्याकडे गेलेत. काल यायला हवे होते. दुपारी यांच्याच कामावरचे वामनभाऊ आले, अंगणातच सासूबाईंशी हळू बोलले आणि पाणीही न पिता गेले. मी विचारलं तर म्हणाल्या, "गाडी बिघडली. उद्या येते तो."

मग तेल काऊन नको? की मीच वेडी?

सुतकात डोक्याला तेल लावत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्याशी खोटं बोलणं त्यांना जमलं. तेल लावून घेणं जमलं नाही.

पण सुतक कानावर आल्यावर लागतं, आणि मला तर कोणी काही सांगितलेलं नाही. मी ती वाटी त्यांच्यासमोर माझ्याच डोक्यावर रिकामी केली. वाटलं, काही असेल तर आता हात धरतील.

हात धरला नाही. उठून माझ्यामागे बसल्या आणि पहिल्यांदाच माझं डोकं चोळू लागल्या.

"आज लावून घे, पोरी," म्हणाल्या.