चेनला लावलेली विभूती

चंदगड,
१४ ऑक्टोबर १९९७

ती. प्रभुलिंगमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मामीचे गुडघे आता कसे आहेत? पुढचं वाचून गॅरेजमधल्या पोरांना सांगू नका.

खंडेनवमीला आप्पांची मोटारसायकल धुतली. चेनचं कव्हर काढून ताजं ऑइल सोडलं आणि भक्तीच्या भरात चेनलाही विभूती माखली. तेव्हापासून चेन करकरते. काल लसींचा डबा घेऊन धनगरवाड्याचा चढ चढताना ती उतरलीच, आणि नेमके आप्पा मागे बसलेले! त्यांनी ठणकावलं, की रानात अडकायची हौस पुरे, नर्सबाईनं एसटीनं फिरावं. सत्तावीसला ते गारगोटीहून येऊन गाडी घेऊन जाणार.

मामा, वाड्यावर एसटी जात नाही. गाडी गेली तर तिथल्या पोरांच्या लसी राहतील. मला रडू येतंय. चेन मीच साफ करणार आहे. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फडकं धरलं की पटकन होईल ना?

आपली,
शिवगंगा

कोल्हापूर,
१७ ऑक्टोबर १९९७

चि. शिवगंगा हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी शेवटची ओळ वाचून घाम फुटला. माझ्या बोटाचं टोक दारात चेंगरलं असं तुला सांगत आलो, ते खोटं. चालत्या चेनवर फडकं धरलं आणि फडक्याबरोबर बोटही दात्यांत गेलं. लाजेपायी कधी बोललो नाही.

सपाट जागी मेन स्टँड लाव. इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. पदर नीट खोच. चाक हातानं थोडं फिरव, थांबव, मगच चेनला हात लाव. रॉकेल आणि जुना टूथब्रश घे. पेट्रोल नको, आणि चूल-स्टोव्ह जवळ नको. तेलात मिसळलेली राख चेनला कानशीसारखी खाते, तेव्हा सगळी निघेपर्यंत घास. कोरडी पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोड आणि जादा पुसून काढ. टायरला लागलं तर घसरशील. चेन सैल वाटली तर तिथल्या मिस्त्रीकडून ताणून घे.

दाजी तापट आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेलं मानतात. घाबरू नकोस.

तुझा,
प्रभुलिंगमामा

चंदगड,
२८ ऑक्टोबर १९९७

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकले! काल आप्पा डोक्याला रुमाल बांधून, गाडी न्यायच्या तयारीनंच आले. तुमच्या पत्राप्रमाणे चेन मीच साफ केली, हे ऐकून त्यांनी चाक फिरवलं, कान लावला, आवाज नाही. तरी समाधान होईना. लसींचा डबा मांडीवर घेऊन मागे बसले आणि त्याच चढानं न्यायला लावलं. चेन एकदाही कुरकुरली नाही. वर सतरा पोरांना लस टोचली. रडणाऱ्या पोरांना आप्पाच खेळवत होते.

उतरल्यावर त्यांनी चावी मागितली नाही. एवढंच म्हणाले, की मला स्टँडवर सोड, गाडी हितंच राहू दे.

एसटी सुटताना ते खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून शेजारच्या पावण्याला मोठ्यानं सांगत होते, की ती माझी पोरगी हाय, गाडीची चेन सोता साफ करती.

मामीस नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू द्या.

आपली,
शिवगंगा