मुस्यूंचे प्रश्न

३ मार्च, मंगळवार

झालं! फ्रेंच माझ्याच गळ्यात पडलं. कॉलेजात एक वर्ष शिकले होते असं जेवताना सहज बोलले, ते मेट्रनच्या कानावर गेलं. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

पाच नंबरच्या खोलीत एक आजोबा आहेत. सगळे त्यांना मुस्यू म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘साहेब’. मेंदूच्या झटक्यानंतर हॉस्पिटलमधून थेट आमच्या वृद्धाश्रमात आले. लहानपणची फ्रेंच तेवढी उरली, बाकीच्या भाषा पुसल्या गेल्या. त्यांना प्रश्नांवर प्रश्न पडतात. ते मी समजून घ्यायचे आणि इंग्रजीत लिहून डॉक्टरांना द्यायचे. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर ठरवणार, यांना खालीच ठेवायचं की वरच्या मजल्यावर न्यायचं. वर म्हणजे ज्यांना काही कळत नाही त्यांच्यात. दाराला बाहेरून कुलूप.

मुस्यूंना कळतं, असं माझं मत आहे. पण माझं मत विचारतो कोण!

४ मार्च, बुधवार

या फ्रेंच लोकांना सरळ विचारताच येत नाही का? सकाळी गोळीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘केस्क् से?’ मी कॉलेजातलं फ्रेंचचं पुस्तक काढून एकेक शब्द लावला – ‘काय आहे ते, की जे हे आहे?’ एवढा द्राविडी प्राणायाम, आणि अर्थ काय, तर ‘हे काय?’ पान भरून खाडाखोड केली. तोवर गोळी पाण्यात विरघळून गेली.

६ मार्च, शुक्रवार

डोक्याला हात लावायची वेळ. मुस्यू रोज मला ‘सा व्हा?’ विचारतात. मी इमानेइतबारे शब्दाला शब्द इंग्रजी केलं – ‘जातंय का?’ डॉक्टरांनी वाचलं आणि लगेच जुलाबाचं औषध लिहून दिलं! तो बिचारा माणूस मला फक्त ‘बरं चाललंय ना?’ असं विचारत होता. औषध वेळेत थांबवलं. मेट्रन म्हणाल्या, नीट लिहीत जा. नीटच लिहिलं होतं, तीच तर भानगड.

घरी सांगितलं तर हे पोट धरून हसले. आता उठता-बसता ‘जातंय का?’ म्हणतात. वैताग नुसता.

९ मार्च, सोमवार

आज एक सोपा आला. ‘ऊ ए मा फाम?’ माझी बायको कुठे आहे? पुस्तक उघडावंच लागलं नाही.

उत्तर तर त्याहून सोपं. इथे लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवतात – गेलेल्या माणसाची कुणी चौकशी केली तर वाद घालायचा नाही, रडवायचं नाही, ‘उद्या येतील’ म्हणायचं. तसं म्हटलं. मुस्यूंचा चेहरा खुलला. हाताने केस नीट केले.

१० मार्च, मंगळवार

पुन्हा तेच. नऊ वेळा तरी. उद्या, बाबा, उद्या.

११ मार्च, बुधवार

आज मुस्यू भडकले. ‘काँ?’ म्हणजे कधी? ‘पुर्क्वा?’ म्हणजे का? ती फोन का करत नाही? ती आजारी आहे का? तुम्ही माझ्यापासून काय लपवताय? सगळे प्रश्न कळले, एकही अडला नाही. आणि तेच नकोसं झालं. न कळणारे होते तेव्हाच मी बरी होते.

चमचा भिंतीवर फेकला. सूप माझ्या एप्रनवर. मीही चिडले, अहो उद्या येतील म्हटलं ना! – हे मराठीतच ओरडले. ते खुर्चीत मागे सरकले. आवाज चढलेला कुठल्याही भाषेत कळतो. फार वाईट वाटलं.

१३ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यात जास्त काय विचारतात? मी कागद पुढे केला. आठवडाभर एकच प्रश्न. ते मेट्रनना म्हणाले, ‘गेलेली बायको शोधतायत. ती गेल्याचं लक्षातच राहत नाही. वर हलवा.’ मी म्हटलं, बाकी सगळं कळतं त्यांना, वेळ कळते, माझं नावसुद्धा घेतात. डॉक्टर दुसऱ्या खोलीकडे वळलेसुद्धा.

दुपारी हलवलं. जिन्यात मुस्यूंनी मला विचारलं, आपण कुठे चाललोय? मी पुढची पायरी दाखवली. माझं भाषांतर इतकं अचूक नसतं तर बरं झालं असतं.

१४ मार्च, शनिवार

मुस्यूंच्या मुलाचा फोन आला. नेहमी ऑफिसात पैसे भरून जातो, आमच्याशी बोलत नाही. म्हणाला, ‘बाबांना आईचं काही कळलं नाही ना? तिचा खुबा मोडला होता, ताईकडे होती. त्यांनी काळजी केली असती म्हणून लपवलं. आता काठी घेऊन चालते. उद्या तिला घेऊन येतोय.’

जिवंत आहे! आम्ही कुणी विचारलंच नाही. इथे सगळ्यांचंच माणूस गेलेलं असतं.

धावत वर गेले, कुलूप काढायला लावलं. त्यांचा हात धरून फ्रेंचमध्ये सांगितलं, तुमची बायको उद्या येतेय.

मुस्यूंनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.