बांगडीत न मावणारा हात

मंगळवार, संध्याकाळ. परभणी.

पुतणी सुनीता वाचली. तिची मुलगी दोन महिने आधी जन्माला आलेली, जेमतेम दीड किलोची, काचेच्या पेटीत आहे. दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणे. आणि सुनीताची सासू, आमच्या विहीणबाई, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून विचारतायत, कोणाची नजर लागली?

नजर! रविवारी पेडगावात ओटीभरणाला कासार हिरव्या बांगड्या चढवायला बसला, तर सुनीताचा हात इतका सुजलेला की एक बांगडी जाईना. साबण लावला, तेल लावलं. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "पोरीला लय मानवलंय आमचं घर!" आरोग्य केंद्राची आशाताई दारातून सांगत होती, "काकू, बीपी लय वाढलाय, आजच परभणीला न्या." यावर उत्तर काय, तर "ओटी न भरता कसं जायचं? बुधवारी नेऊत की." मग आशाताईलाही ताट वाढलं. गप्प बसवायची आमची ही खास रीत.

सोमवारी दुपारी सुनीताला झटके आले.

त्या बांगड्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मोठ्या मापाच्या मागवल्या, पण हात का सुजला हे एकीनंही विचारलं नाही. सगळ्या बिनडोक, असं लिहायला किती सोपं. आशाताई माझ्याकडे वळून म्हणाली होती, "मावशी, तुमी तरी सांगा." आणि मी, अख्ख्या गावाची टर उडवणारी, विहीणबाईंचा रुसवा नको म्हणून पानावरची जिलेबी मोडत बसले.

उद्या पेटीजवळ एकीलाच सोडणार आहेत. विहीणबाई म्हणाल्या, "तुमीच जा. तुमाला कळतंय."

मला कळत होतं, हे खरंच आहे.