देवाचे वस्त्र आणि परतीची अट

श्रावण शु. एकादशी
श्रीगजाननाची कृपा लेखणीवर असो आणि बुद्धीवरही. आज तिचीच अधिक गरज आहे. सून वैदेही देवांची वस्त्रे इंटरनेटवर विकू पाहते. कापड भिवंडीच्याच लूमचे, शिलाई जवळच्या शेलार गावच्या सावित्रीबाईंची. दुकान सजले, ग्राहकांचे पैसे स्वीकारणारी कंपनी तेवढी ठरायची आहे. गणपतीपूर्वी न ठरल्यास शिवलेले सारे वर्षभर पडून राहील.

श्रावण शु. त्रयोदशी
वैदेहीने निवडलेल्या कंपनीने अर्ज फेटाळला. कारण मी. दुकानाचे नियम मीच लिहून दिले होते. 'परतावा' या शीर्षकाखाली लिहिले : देवाच्या अंगास लागलेले वस्त्र निर्माल्य होय, ते परत घेतले जाणार नाही. कंपनीचे गृहस्थ फोनवर म्हणाले, "सर, ये तो प्रवचन हो गया. रिटर्न कितने दिन में, बस वो लिखो ना."
वैदेही हसली नाही. "बाबा, नियम मागितले होते त्यांनी."

श्रावण पौर्णिमा
जानवे बदलले, चित्त जुनेच. दुसरी कंपनी परतीचा आग्रह धरीत नाही, परंतु नव्या दुकानाचे पैसे काही आठवडे स्वतःकडे ठेवते. पहिली दुसऱ्याच दिवशी देते. सावित्रीबाई शिवलेले शेले घेऊन आल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "म्हंजे गणपती बसतील, उठतील, न् आमच्या हातात काय न्हाय? बाबा, तुमचं सोवळं आमच्या चुलीवर कशाला?"
संध्याकाळी ग्रंथ उघडून बसलो. निर्माल्याविषयी तेथे पुष्कळ आहे. शिवणाऱ्या बाईविषयी...

श्रावण कृ. तृतीया
वैदेहीस सांगितले, पहिल्याच कंपनीकडे जा, परतीची मुदत लिही. मात्र परत आलेले वस्त्र पुन्हा विकायचे नाही.
"मग नुकसान कोणाचं?"
"दुकानाचे."
"म्हणजे माझं, बाबा."
खरे आहे. व्रत माझे, उपवास तिला. जेवण गोड लागले नाही.

श्रावण कृ. पंचमी
मार्ग तिलाच सुचला. प्रत्येक पुडीला सुताची गाठ मारायची. गाठ शाबूत असेल तरच वस्त्र परत. गाठ सुटली की ते देवाचे.
सावित्रीबाई : "न् सोडल्याबिगर माप कसं कळंल?"
वैदेही : "पिशवी पारदर्शक घेऊ. मूर्तीची उंची वर लिहू."
"शिकलेली सून हाय, बाबा. जपा!"
नियम या वेळी तिने लिहिले. मी एक अक्षर बदलले नाही. बदलावेसे पुष्कळ वाटले.

श्रावण कृ. अष्टमी
अर्ज पुन्हा गेला. पडद्यावर एकच ओळ : पडताळणी सुरू आहे. जपास बसलो तरी मन त्या ओळीशी. कंपनीस गाठीचा नियम मान्य होईल? न झाल्यास पैसे अडवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, की... सावित्रीबाई आज शिवायला नवे कापड मात्र घेऊन गेल्या.
ही पाने पुढे ज्यांच्या हाती पडतील, त्यांच्या घरचे देव सुवस्त्र असोत, आणि ती वस्त्रे शिवणारे हात सुखी असोत.