कार्डाचा कोपरा

हिंगोली,
१९ मार्च १९४८

चि. रॉबर्टराव यांस,

तुम्हाला मराठी येत नाही आणि हे पत्र मी टाकणारही नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

इटलीत वर्षभरासाठी आलेला अमेरिकन बाप मुलाला नन्सच्या शाळेत सोडतो, दूध आणतो, धुणं खिडकीबाहेर वाळत घालतो, हे तुम्ही चार पानं भरून कळवलंत. बायका हे रोज करतात, त्यावर पत्रं लिहीत नाहीत. नन्सचं कौतुक मला नको, मी त्यांच्याच छडीखाली शिकले. शेवटी तुमच्या दोन ओळी: "कालिंदी बाळंतपणापर्यंत दवाखान्यातच आहे. तुमचं मराठी कार्ड टपालात फाटलं होतं, मी नवा कोपरा सुबक चिकटवलाय. ईस्टरला तिला देईन."

अहो, टपालाने नाही फाडलं. माणूस गेल्याचं कार्ड आमच्याकडे कोपरा फाडूनच पाठवतात. माझ्या दिरांनी, बंडोपंतांनी ते लिहिलं होतं. कालिंदीचे वडील जानेवारीत गेले.

घरकामाच्या शालूबाईला सांगितलं, तर म्हणाली, "कोपरा चिकटवला व्हय? मेलेलं माणूस जित्तं केलं की वो जावयानं!"

मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही.

काल तुम्हाला इंग्रजीत तार केली: "बाळंतपण होईपर्यंत कार्ड देऊ नका. कारण विचारू नका." कारण कळलं तर ते तुमच्या तोंडावर दिसेल, आणि तुमचं तोंड ती बरोबर वाचते.

तेवढे दिवस तिचे वडील असू देत.

तुमची सासू,
मनोरमाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका