एका कपापुरती ज्योत

२ जानेवारी १९७४
गोबरगॅस पेटला! टाकीवरची लोखंडी टोपी गॅसनं वीतभर उचलली होती. ज्योत निळी. एक कप चहा होईपर्यंत टिकली. लीला म्हणाली, दुसरा कप कशावर करू? रॉकेलच्या रांगा, चुलीचा धूर, सगळं यंदा संपणार. कॉलेजात तेच सांगितलं: समाज केमिस्ट्रीच तारणार. मागचा बाक झोपलेला.

५ जानेवारी
शेजारच्या चिमणाबाईंशी करार. त्यांच्या म्हशींचं शेण आपल्या टाकीत; बदल्यात त्यांच्या चुलीपर्यंत पाइप. शेणी थापणं बंद, असं बजावलं. बाई म्हणाल्या, व्हय मास्तर, पर पाइप कवा? प्रोफेसर म्हणायला शिकवलं पाहिजे.

१२ जानेवारी
थंडीमुळे गॅस मंदावला. उपाय सोपा: कॅटलिस्ट. तो स्वतः बदलत नाही, इतरांना कामाला लावतो. लीला म्हणाली, असं एक माणूस आहे आमच्या घरात.
तिचे भाऊ हंबीरराव २७ तारखेला जयसिंगपूरहून जेवायला येणार. दिवाळीत ते टाकीला हसले होते. मटण गॅसवरच शिजेल, असं कार्ड टाकलं. घरातला स्टोव्ह भाचीला देऊन टाकला. लीला बोलत नाही. पटलं असावं.

१६ जानेवारी
टाकीत दोन किलो मोरचूद ओतलं. तांबं हा नामी कॅटलिस्ट. बॉटनीचे देसाई म्हणाले, अहो, गॅस शेणातले जंतू करतात, मोरचुदानं ते मरतील. जंतू हा त्यांचा विषय. रिॲक्शन माझा.

१९ जानेवारी
ज्योत नाही. कॅटलिस्टला रुळायला वेळ लागतो.

२३ जानेवारी
टोपी खाली बसली. आणखी एक किलो.

२७ जानेवारी, सकाळी
काडेपेटी संपली. हंबीरराव आले. टोपीवर टकटक करून म्हणाले, दाजी, आत कोण हाय का?

दुपारी
चिमणाबाई पाटीभर शेणी घेऊन आल्या. लीलानं परसात तीन विटा मांडल्या. दोघी माझ्याकडे न बघता फुंकत होत्या. या शेणी कुठल्या, असं बाईंना दरडावून विचारलं. म्हणाल्या, निम्मं शेण मागं ठेवत हुतो की! तुमच्या पाइपाची वाट बघत उपाशी मरू व्हय?
म्हणजे कच्चा माल निम्माच. कॅटलिस्ट निर्दोष.
तांबडा रस्सा दोनदा घेतला. धुराचा वास होता. बरा लागला.

१० फेब्रुवारी
चिमणाबाईंनी टोपी धुऊन गोठ्यात उलटी मांडली आहे. म्हशी तिच्यातून पाणी पितात. जाऊन पाहिलं. थेंबभर गळत नाही. डिझाइन बरोबर होतं.