टेकबहादूर कुटुंबाचं वऱ्हाडीकरण

२ नोव्हेंबर, सकाळ
पुढची खोली भाड्यानं गेली. नेपाळचं जोडपं आहे, टेकबहादूर आणि मनमाया. अनसिंगच्या बसस्टँडवर मोमोजची गाडी लावणार. बिचारे! परका मुलूख, परकी भाषा. ठरवलं: महिन्याभरात दोघांना अस्सल वऱ्हाडी करून सोडायचं. हे काम जमेल असा माणूस गावात एकच. मी पुण्यात नोकरी केली आहे, परकेपणाचा अनुभव आहे. सपनाला प्लॅन सांगितला. म्हणाली, आधी त्यांच्या खोलीचा नळ दुरुस्त करा. बायकोला बिग पिक्चर दिसतच नाही.

४ नोव्हेंबर
धडा पहिला: आहार. टेकबहादूरसमोर ठेचा-भाकर ठेवली. पाण्याचा तांब्याही, त्याच्यासाठी. पठ्ठ्यानं सगळा ठेचा चाटूनपुसून खाल्ला, "बढिया" म्हणाला आणि त्यांच्याकडचं गोल मिरचीचं लोणचं घेऊन आला. मान राखायचा म्हणून एक मिरची खाल्ली.

दुपार
तांब्या मला लागला. बादलीसुद्धा.

संध्याकाळ
सांस्कृतिक देवाणघेवाण यशस्वी. उद्या ताक-भात.

९ नोव्हेंबर
भाषेचा क्लास सुरू. मी शुद्ध शिकवतो: मला, तुला, कशासाठी. पण आई शेंगा सोलता सोलता मनमायाला भलतंच शिकवून राह्यली. आज ओट्यावर चिंतन करत होतो, तर मनमाया म्हणते, "काहून बसून राह्यले भाऊ? नळ कवा दुरुस्त करता?" उच्चार उत्तम. विषय चुकला.

१४ नोव्हेंबर
नुसते मोमोज इथं चालणार नाहीत, लोकल टेस्ट पाहिजे, असं मी टेकबहादूरला बजावलं. माझी आयडिया: आत पुरण. त्यानं माझा मान ठेवून केले.

१५ नोव्हेंबर
पुरणाचे मोमोज कुत्र्यानं हुंगले आणि निघून गेलं. कुत्र्यांना नवं पटत नाही.

१७ नोव्हेंबर
आईनं मनमायाला बेसनाच्या पातोडीचा रस्सा शिकवला. तिनं त्यात मोमोज सोडले. बसस्टँडवर झुंबड! एसटीचा ड्रायव्हर गाडी सोडून खायला उतरला. लोकल टेस्ट हा शब्द मात्र माझा होता.

२० नोव्हेंबर
संकट. बाहेरच्यांची गाडी हटवा, असं बसस्टँडवरच्या दुकानदारांचं म्हणणं. पुढाकार चहावाल्या बापूरावचा. रविवारी बैठक. टेकबहादूर जेवला नाही. म्हणाला, सामान बांधून ठेवू का? मी म्हटलं, मी आहे ना! भाषणाची तयारी जोरात. भिंतीवरचा आरसा पुरेना, म्हणून कपाटाच्या आरशासमोर.

२३ नोव्हेंबर
बैठक झाली. मी उभा राहिलो. "बंधू-भगिनींनो, स्थलांतर..." पुढचं गायब. पुन्हा म्हणालो, "स्थलांतर..." मग बसलो.

मग मनमाया उठली. म्हणाली, "बापूरावकाका, तुमचा पोरगा पवन सुरतेले कामाले गेला. तिथं त्याले परका म्हणून हाकलून देलं, त तुमाले कसं वाटन?"

बापूराव खाली पाहायला लागला. ती म्हणाली, "आमी गाडी तुमच्या दुकानापाशीच लावतो. मोमो तिखट हाय. खाल्ल्यावर लोकायले तुमचा चहाच लागन."

सगळे हसले. शेवटी बापूरावही. गाडी ढकलायला तोच पुढे. टेकबहादूरच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, रस्सा फार तिखट होता.

वातावरणनिर्मिती माझी. मी नेमक्या वेळी थांबलो, हे कुणी ध्यानात घेतलं नाही.

७ डिसेंबर
शेजारी ओडिशाहून एक कुटुंब आलं, फरशीच्या कामाला. इस्त्रीचा शर्ट घालून स्वागताला ओट्यावर उभा राहिलो. ते मला ओलांडून थेट आत गेले. "मनमाया दीदी यहीं रहती हैं?" बसस्टँडवरून कुणीतरी पाठवलेले. तिनं त्यांना पाण्याची वेळ, किराण्याचं दुकान, दवाखाना, सगळं समजावलं. शेवटी त्या बाईनं माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

मनमाया हळू आवाजात म्हणाली, पण मला ऐकू आलं: "ये नरेंद्रभाऊ. दिल के अच्छे हैं. नए लोगों से घुलने में इनको थोडा टाइम लगता है. संभाल लेना."

आईनं मान डोलावली.

त्या बाईनं मला मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आप... कैसे... हैं?"

मी म्हटलं, बरा आहे.